स्विमिंगच्या लायक्रातून रोजचे आणि खेळाचे कपडे घरी कसे शिवावेत

भाची जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड चालायला निघाली, तेव्हा तिच्यासाठी मी पहिल्यांदा लायक्राची लेगिंग शिवली. मसाई पठार ओलांडेपर्यंत काही झालं नाही. पुढे एका ओढ्यात उतरताना तिनं मोठी ढांग टाकली आणि आसनाची शिवण चार बोटं उसवली. उरलेली वाट तिनं कमरेला जॅकेट बांधून काढली. घरी आल्या आल्या म्हणाली, "मावशी, कापड न्हाई गं फाटलं, शिवणच गेली." मी ती लेगिंग खिडकीच्या उजेडात धरून बघितली. कापडाची एक वीणसुद्धा सुटली नव्हती. धागा मात्र दर अर्ध्या इंचावर तुटला होता. इतकी वर्षं ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवणाऱ्या हातानं सवयीप्रमाणे साधी सरळ टीप मारली होती. ढांग टाकताना कापड दीडपट झालं, धागा होता तेवढाच राहिला.

त्यानंतर या कापडात मी जे जे शिवलं, ते सगळं त्या उसवलेल्या शिवणीवरून शिकले. कापड जेवढं ताणतं तेवढी शिवण ताणली पाहिजे, आणि बेतण्याआधी कापड किती ताणतं ते मोजलं पाहिजे. बाकीची माहिती या दोन गोष्टी जमवण्यासाठीच आहे.

हेच कापड कशाला?

कोल्हापूरचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला फार सांगायला नको. आषाढात वाळत घातलेली जीन्स तिसऱ्या दिवशीही दमट लागते. दमट हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरतो, नायलॉन चार टक्के, आणि पॉलिस्टर तर अर्धा टक्काही धरत नाही. पोहण्याचं कापड नायलॉन किंवा पॉलिस्टरचं असतं आणि पातळ असतं. म्हणून रात्री धुऊन पंख्याखाली टाकलेली लेगिंग सकाळी रंकाळ्याला फिरायला जाताना घालता येते. भिजलं तरी ते जड होत नाही, मांडीला काचत नाही.

एक उणीवही आधीच सांगते. एप्रिल-मेच्या दुपारी हे कापड गरम होतं, घाम आत धरून ठेवतं. घरात दिवसभर घालायला कॉटनला तोड नाही. चालणं, योगा, सायकल, फुटबॉलचा सराव, पावसातला प्रवास, साडीच्या आत, शाळेच्या स्कर्टच्या आत, अशा ठिकाणी मात्र याच्यासारखं कापड नाही.

कापड ओळखणं आणि घेणं

लायक्रा हे खरं तर एका व्यापारी छापाचं नाव. धाग्याचं नाव स्पँडेक्स किंवा इलास्टेन. 1958 मध्ये अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो तयार केला. हा धागा मूळ लांबीच्या पाचपटीपर्यंत ताणून परत जागेवर येतो. त्याचं अख्खं कापड कुणी विणत नाही. नायलॉन किंवा पॉलिस्टरमध्ये तो मिसळतात. पोहण्याच्या कापडात त्याचं प्रमाण साधारण 15 ते 20 टक्के असतं, आपल्या नेहमीच्या कॉटन लायक्रा लेगिंगमध्ये बहुधा 5 टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच कॉटनच्या लेगिंगचे गुडघे दोन महिन्यांत फुगतात आणि याचे फुगत नाहीत.

कापडासाठी आपल्याला लांब जायला नको. इचलकरंजी जवळ असली तरी तिथल्या मागांवर मुख्यतः उभ्या-आडव्या धाग्यांचं विणलेलं कापड निघतं, हे कापड होजियरीसारखं विणीचं असतं. ते गांधीनगरच्या बाजारात शोधायचं. नुसतं "लायक्रा" मागितलं तर दुकानदार मलाई लायक्रापासून चमकणाऱ्या डान्सच्या कापडापर्यंत सगळं समोर टाकतो. "स्विमिंग कॉस्च्युमचं फोर-वे, नायलॉनमधलं" असं नेमकं सांगा. फोर-वे म्हणजे उभंही ताणणारं आणि आडवंही. टू-वे एकाच बाजूला ताणतं, ते टी-शर्टला चालेल, लेगिंगला नाही. पन्हा बहुतेक 58 ते 60 इंच असतो.

दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी तपासा. कापड मुठीवर घट्ट ताणून धरा आणि बोटांची पेरं दिसतात का ते बघा. पेरं दिसली तर बैठक मारल्यावर आतलं सगळं दिसेल. मग ओलं बोट फिरवून तीच जागा परत बघा, फिके रंग कोरडे असताना झाकतात आणि ओले झाले की दगा देतात. तिसरं म्हणजे कड धरून जोरात ताणा आणि सोडा. पूर्वीसारखी सरळ झाली तर घ्या, लाटेसारखी राहिली तर ठेवून द्या. स्वस्तातलं कापड नेमकं या तिसऱ्या परीक्षेत नापास होतं. पहिल्यांदा काळं किंवा गडद निळं घ्या, त्यात टाके चुकले तरी दिसत नाहीत.

आणल्यावर थंड पाण्यात साध्या साबणानं धुऊन सावलीत वाळवा. धुतलेल्या कापडावर कारखान्याचं फिनिश उरत नाही आणि सुई कमी अडकते.

ताण मोजणं

कापडाच्या कापलेल्या कडेपासून चार बोटं आत, किनारीला काटकोनात आडवी घडी घाला. घडीवर 10 सेंटिमीटरच्या दोन खुणा करा. टेबलावर पट्टी ठेवा, एक खूण शून्यावर दाबून धरा आणि दुसरी सहज जाईल तितकी ओढा. हिसडा द्यायचा नाही, कडा गुंडाळायला लागल्या की थांबायचं. खूण 15 वर गेली तर ताण 50 टक्के, 17 वर गेली तर 70. आता हेच उभ्या दिशेनं करा. दोन्ही आकडे कापडाच्या कोपऱ्यावर खडूनं लिहा आणि कुठला कुठल्या दिशेचा ते बाणानं दाखवा.

ही दोन मापं घेण्यामागं कारण आहे. आपल्या हाताला होजियरीची सवय, आणि होजियरी आडवी जास्त ताणते. पोहण्याच्या कापडात बऱ्याचदा उलट असतं, किनारीला समांतर, म्हणजे उभ्या दिशेला, ताण जास्त निघतो. अंगाभोवती जास्त ताण आला पाहिजे. सवयीनं बेतलं तर लेगिंग मांडीवर चढत नाही आणि कमरेला मात्र खाली ओढत राहते. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या दोन लेगिंग्ज याच चुकीनं वाया गेल्या होत्या, आणि बेतण्यातली चूक शिवण उसवून सुधारत नाही.

मशीन, सुई, धागा

इंटरलॉक मशीन (कड कापत तिच्यावर धागे गुंफत शिवणारं) घरात असेल तर चार धाग्यांची इंटरलॉक मारा, काम सोपं होतं. नसेल तर झिगझॅग होणारं कुठलंही मशीन चालतं. साडीला पिको करायचं मशीन तुमच्याकडे असेल तर तेच झिगझॅगचं मशीन आहे, त्यावर टाक्याची रुंदी कमी करायची एवढंच. झिगझॅग रुंदीला 1 मिलिमीटर आणि लांबीला अडीच ठेवा. लांबून तो जवळजवळ सरळ टाकाच दिसतो, पण ताणल्यावर उलगडतो. इलेक्ट्रिक मशीनवर विजेच्या खुणेसारखा किंवा तीन समांतर रेघांचा टाका असतो, तो स्ट्रेच टाका. तिहेरी टाका आसनासारख्या जागी फार मजबूत बसतो, मात्र उसवायला डोकेदुखी, म्हणून फिटिंग बघितल्यावरच मारा.

फक्त सरळ टीप मारणारं काळं मशीन असेल तरीही निराश होऊ नका. टाका लहान करा, वरच्या धाग्याचं टेन्शन सैल करा आणि शिवताना कापड पायाच्या पुढून आणि मागून दोन्ही हातांनी थोडं ताणून धरा. सुई सोडल्यावर कापड आखडतं आणि शिवणीत धागा शिल्लक राहतो, तो पुढे ताणाला उपयोगी येतो. हात-बाही, आतली शॉर्ट एवढं यावर निभतं. पावनखिंडीला जाणारी लेगिंग मात्र यावर शिवू नका, मी ती चूक करून बसले आहे. आणि उलट नियमही लक्षात घ्या. झिगझॅग किंवा इंटरलॉक मारताना कापड अजिबात ओढायचं नाही. ओढलं की शिवण लाटा धरते.

सुई बदलायलाच हवी. साधी सुई टोकदार असते, ती लवचीक धाग्याला भोसकते, मग त्या जागी पांढरी लव दिसायला लागते आणि काही महिन्यांनी भोकं पडतात. टेलरिंग मटेरियलच्या दुकानात स्ट्रेच सुई मागा, 11 नंबरची. जाड कापडाला 14. घरगुती मशीन आणि मोठ्या मशीनच्या सुईची दांडी वेगळी असते, म्हणून जुनी सुई सोबत न्या आणि दाखवून घ्या. टाका सुटायला लागला की टेन्शनशी झगडण्याआधी सुई बदला. लायक्रात टाका सुटण्याचं कारण दहातल्या आठ वेळा माझ्याकडे सुईच निघाली आहे. उरलेल्या वेळी कापड सुईबरोबर वर उचललं जात असतं. तेव्हा खाली वर्तमानपत्राची किंवा टिश्यूची पट्टी ठेवून शिवायचं आणि नंतर ती फाडून काढायची.

धागा पॉलिस्टरचा घ्या, सुती कधीच नाही. इंटरलॉकच्या खालच्या लूपरांना, म्हणजे खालून धागा गुंफणाऱ्या हुकांना, फुगीर नायलॉनचा धागा लावला तर शिवण कातडीला मऊ लागते.

टाचण्यांऐवजी चिमटे वापरा. पॅटर्नवर टाचण्या मारण्याऐवजी स्टीलच्या वाट्या वजन म्हणून ठेवा. कापड गुळगुळीत असतं, टेबलाच्या कडेवरून लोंबू द्यायचं नाही. लोंबलं की स्वतःच्या वजनानं ताणतं आणि कापलेला तुकडा आखूड निघतो. उरलेली गुंडाळी खुर्चीवर ठेवा.

आता एक तुकडा. 3 इंचांच्या दोन पट्ट्या कापा, जोडा, आणि 10 सेंटिमीटरची खूण पट्टीवर 15 पर्यंत ओढा. कट्ट असा आवाज आला तर धागा तुटला. टाका थोडा रुंद करा, टेन्शन कमी करा, परत तुकडा. मला नव्या कापडाला तीन-चार तुकडे लागतात. कामाला बसायची घाई असतेच, पण हे तुकडे टाळू नका.

पहिलं काम : गाडीवरच्या बाह्या

स्कूटरवर ऊन लागू नये म्हणून घालतात त्या आर्म स्लीव्हजपासून सुरुवात करा. अर्ध्या मीटरमध्ये जोड्या निघतात आणि बिघडलं तरी वाईट वाटत नाही.

दंडाचा घेर, मनगटाचा घेर आणि दंडापासून मनगटापर्यंतची लांबी मोजा. समजा दंड 11 इंच, मनगट साडेसहा, लांबी 17. घेरांना 0.88 नं गुणा. दंड पावणेदहा झाला, मनगट पावणेसहा. अंगापेक्षा कपडा लहान कापायचा, हे साध्या कापडाच्या शिवणकामात बसत नाही, पण इथे तोच नियम आहे. कपडा ताणून बसला तरच घसरत नाही आणि चुण्या पडत नाहीत. दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच मार्जिन धरून वर सव्वादहा, खाली सव्वासहा अशा निमुळत्या तुकड्याच्या दोन प्रती कापा, जास्त ताणाची दिशा हाताभोवती ठेवून. तळहात आत जाईल का हे आधीच बघा. अंगठा दुमडून हाताचा घेर साधारण साडेआठ इंच येतो. पावणेसहा इंच दीडपट ताणलं तर साडेआठच्या थोडं वर जातं. म्हणजे ज्या कापडाचा ताण 50 टक्क्यांपेक्षा कमी, त्यात मनगट अर्धा इंच मोठं धरा.

उलटं घडी घालून लांबची शिवण मारा. वरच्या कडेला अर्धा इंच दुमडून झिगझॅग. मनगटाची कड दुमडलीच पाहिजे असं नाही. बहुतेक स्विमिंगचं कापड ट्रायकॉट विणीचं असतं, त्याची कापलेली कड उसवत नाही. धारदार कात्रीनं एकाच फटक्यात सरळ कापली तर तशीच सोडता येते, आणि बोथट कात्रीच्या दातेरी कडेपेक्षा ती कितीतरी चांगली दिसते.

लेगिंग

इथे थोडं सावकाश जाऊ. मापं अंगावर घट्ट कपडे असताना घ्या. कंबर, सीट, मांडीचा सगळ्यात मोठा घेर, गुडघा, पोटरी, घोटा. आसन मोजायला कडक खुर्चीवर ताठ बसवा आणि कमरेपासून खुर्चीच्या फळीपर्यंत बाजूनं टेप धरा. आणखी एक माप, जे टेलर सहसा घेत नाहीत: टाच आणि घोट्यावरून तिरका घेर. पाय त्यातून बाहेर यायचा असतो.

उदाहरणाला कंबर 34, सीट 40, मांडी 23, गुडघा 15, पोटरी 14, घोटा 9, आसन साडेदहा, कमरेपासून घोट्यापर्यंत 38. बाजूला शिवण नाही, एका पायाचा एकच तुकडा.

कागदावर आडवी रेघ ओढा, ही मांडीची रेघ. मांडी 23 गुणिले 0.9, म्हणजे जवळजवळ पावणेएकवीस इंच, तेवढी रेघ. तिचा मध्य काढा आणि तिथून खाली उभी रेघ सोडा. गुडघ्याच्या उंचीवर 15 गुणिले 0.9, म्हणजे साडेतेरा, मध्यरेघेच्या दोन्ही बाजूंना निम्मे-निम्मे. पोटरी साडेबारा, घोटा 9 गुणिले 0.95, म्हणजे साडेआठ. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्यानं आतल्या दोन कडा सारख्या लांबीच्या येतात आणि पाय पिळत नाही. टाचेचा घेर साधारण साडेबारा येतो. साडेआठचे दीडपट पावणेतेरा होतात, म्हणजे टाच निघते. टाचेचं माप जास्त असेल तर मोहरी त्या हिशोबानं वाढवा.

आता वर. सीट 40 गुणिले 0.88, म्हणजे 35, एका पायाला साडेसतरा. मांडीची रेघ पावणेएकवीस, सीटला साडेसतरा हवेत, म्हणजे सव्वातीन इंच आत जायचं. त्यातला 1 इंच पुढच्या बाजूला, सव्वादोन मागच्या बाजूला. मागे जास्त का, ते स्वतः बसून बघितलं की कळतं. बसताना सगळा ताण मागच्या आसनावर येतो. या दोन बिंदूंपर्यंत बाक काढा, पुढचा खोलगट आणि आखूड, मागचा पसरट.

पट्टा 3 इंचांचा धरला, म्हणून साडेदहा आसनातून 3 वजा करून बाजूला मांडीच्या रेघेपासून साडेसात इंच वर जा. पुढे त्यातून अर्धा इंच कमी, मागे दीड इंच जास्त, आणि हे तिन्ही बिंदू मऊ बाकानं जोडा. कमरेला 34 गुणिले 0.88, म्हणजे 30, एका पायाला 15. साडेसतराचे 15 करायला पुढे अर्धा आणि मागे दोन इंच आत घ्या. मागचा दीड इंच चुकवू नका. वाकल्यावर लेगिंग खाली सरकते ती या दीड इंचाच्या अभावी.

भोवती पाव इंच मार्जिन, मोहरीला 1 इंच. लांबी कमी करू नका. उभ्या ताणात किती आखडतं ते पहिल्या लेगिंगनंतरच तुमच्या अंगावर कळेल.

या मापाला कापड सव्वा मीटर पुष्कळ. जास्त ताण आडवा असेल तर दोन्ही पाय शेजारी शेजारी बसतात, साडेबेचाळीस इंच जातात, आणि काठाशी साधारण 15 इंचांची पट्टी उरते, तिच्यातून पट्ट्याचे दोन तुकडे निघतात. जास्त ताण उभा असेल तर पाय आडवे टाका, पन्ह्यात लांबी मावते आणि पट्टा एका तुकड्यात निघतो. दोन्ही पाय एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे, पण तोंड एकाच दिशेला. नाहीतर उजेडात एक पाय गडद आणि एक फिका दिसतो.

शिवण्याचा क्रम असा. प्रत्येक पायाची आतली शिवण आधी. मग एक पाय सुलट करून उलट्या पायाच्या आत घाला, सुलट बाजू सुलट बाजूला लागली पाहिजे, आणि आसन पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत एका दमात शिवा. चार शिवणी जिथे मिळतात तिथे आतल्या दोन मार्जिन विरुद्ध बाजूंना लोळवा, गाठ जाड होत नाही. आत्ताच घालून बघा. खाली बसा, जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम चढा, पाय मांडीवर घ्या. आसनाला आडव्या चुण्या पडत असतील तर मागचा बाक थोडा खोल करा. सगळं नीट वाटलं की आसनावर तिहेरी टाक्याची दुसरी टीप.

पट्टा 29 इंच लांब, म्हणजे कमरेच्या तोंडापेक्षा एक इंच कमी, रुंदी दुप्पट धरून 6 इंच, मार्जिन वेगळी. तुकडे जोडून गोल करा, उभी दुमड घाला, आत घडीला टेकून 1 इंची इलॅस्टिकचं 29 इंचांचं वेटोळं ठेवा आणि खालून एक झिगझॅग मारून ते जागेवर धरा. इलॅस्टिक आधी दोन-तीनदा पूर्ण ताणून सोडा, नवं इलॅस्टिक थोडं सैलावतं. पट्ट्याचे आणि कमरेचे चार-चार भाग करून खुणा करा, खूण खुणेला चिमट्यानं लावा, आणि फक्त पट्टा ताणून कमरेच्या बरोबरीला आणत शिवा. कमरेचं कापड ताणायचं नाही.

मोहरी दुमडून झिगझॅग, किंवा बाजारातल्यासारखी हवी असेल तर फ्लॅटलॉक, म्हणजे चपटी शिवण, करणाऱ्याकडून मारून आणा. इस्त्री करावीशी वाटली तर अगदी कमी तापमानावर, वर सुती रुमाल टाकून. जास्त उष्णतेनं लवचीक धागा कायमचा मरतो.

हाच पॅटर्न गुडघ्याच्या वर कापला की सायकलची शॉर्ट, आणि शाळेच्या स्कर्टच्या आतली मुलींची शॉर्ट. लहान मुलींना 0.88 फार घट्ट होतं, 0.95 धरा आणि मोहरी सैल ठेवा, मांडीवर वळ उठता कामा नये. मॅटवर कुस्ती खेळणाऱ्या पोरांची सिंगलेट याच कापडाची असते. तिचे खांदे आणि मुंढे सतत ओढले जातात, तिथे शिवणीत पारदर्शक इलॅस्टिकची पट्टी धरून शिवा.

साडीच्या आत

साडीचा शेपवेअर हल्ली सगळ्यांना हवा असतो आणि शिवायला लेगिंगपेक्षा सोपा. सीट 0.9 नं गुणून दोन सरळ तुकडे, गुडघ्यापर्यंत अंगासरशी आणि तिथून खाली पसरट. एका बाजूला गुडघ्यापासून चीर सोडा, नाहीतर जिना चढता येत नाही. रिक्षात चढून बघितल्याशिवाय चिरीची उंची पक्की करू नका. नेफ्यात नाडी घालणाऱ्यांनी रुंद इलॅस्टिकच घालावं, नाडीची गाठ लायक्रावर उमटते.

टी-शर्टला मापं जवळजवळ अंगाएवढी धरा, गळ्याची पट्टी गळ्याच्या घेरापेक्षा पंधरा टक्के लहान. खांद्याच्या शिवणीत इथेही पारदर्शक इलॅस्टिक, नाहीतर महिन्याभरात खांदे दंडावर उतरतात.

खरंच पोहायला घालायचं असेल तर

अंबाई टँकवर रोज जाणाऱ्यांसाठी शिवताना काही गोष्टी वेगळ्या. क्लोरीन लवचीक धागा खातं, आणि नायलॉनपेक्षा पॉलिस्टर त्याच्यासमोर जास्त टिकतं. म्हणून रोजच्या सरावाला पॉलिस्टर-लायक्रा घ्या. इलॅस्टिक स्विमिंगचंच घ्या, साधं इलॅस्टिक क्लोरीनच्या पाण्यात काही आठवड्यांत ढिलं पडतं. पुढच्या भागाला अस्तर लागतंच, फिक्या रंगाला सगळीकडे. पायाच्या तोंडाला इलॅस्टिक पुढे आहे तेवढंच ठेवा आणि मागच्या अर्ध्यात थोडं ताणून शिवा, मग मागून वर चढत नाही.

सरावासाठी घरचा पोशाख उत्तम. मोठ्या स्पर्धेचा प्रश्न वेगळा. कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे 2008 मध्ये बीजिंग ऑलिंपिकला गेला, तो काळ पॉलियुरेथेनच्या वेगवान सूटचा होता. 2010 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत फक्त विणलेल्या कापडाचे, ठरलेल्या लांबीचे आणि मान्यता मिळालेले पोशाखच चालतात. मूल त्या पातळीवर पोहत असेल तर स्पर्धेचा कॉस्च्युम विकत घ्या, सरावाचे चार घरी शिवा.

धुणं

पोहून आल्यावर, घामानं भिजल्यावर लगेच गोड्या पाण्यात खळबळून काढा. बादलीत रात्रभर भिजत ठेवू नका. ब्लीच नाही, फॅब्रिक सॉफ्टनर नाही, गरम पाणी नाही. खोबरेल तेल लावून लगेच हे कपडे घालू नका, तेलानं लवचीक धागा फुगतो आणि झिजतो. पाणी काढताना पीळ न देता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. उन्हात दोरीवर तासन् तास ठेवलं तर रंग आणि ताण दोन्ही जातात, सावलीत वाऱ्यावर घाला.

पुढच्या जुलैत भाची परत त्याच वाटेनं गेली. यावेळी आसनाला आतून झिगझॅग आणि त्यावर तिहेरी टाका होता. आल्यावर मी चिखलानं माखलेली ती लेगिंग धुतली, शिवण दोन्ही हातांत धरून पट्टीवर दहाची पंधरा होईपर्यंत ओढली, आणि परत वाळत घातली.